बालकांचा श्वास : रोगाची पहिली सूचना

महोत्सवाच्या स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा असावा, देणगीदारांचे ऋण मानावे, आणि त्यासोबत समाजाच्या उपयोगी पडतील असे चार शब्द असावेत, अशी आपल्याकडे रीत आहे. पहिली दोन कामे अन्य पृष्ठांवर झालीच आहेत. आमच्या वाट्यास आलेला विषय लहान मुलांच्या छातीच्या आजाराचा, आणि तो वेळीच कसा ओळखावा ह्याचा. आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक आहोत. परंतु मूल डॉक्टरांकडे पोचण्यापूर्वी ते आईच्या मांडीवर असते, अंगणवाडीत असते, आमच्या वर्गातील बाकावर असते. आणि छातीच्या आजारात हे आधीचे एकदोन दिवसच सर्वांत मोलाचे असतात. तेव्हा शिक्षकाने ह्या विषयावर लिहिले तर ते अस्थानी होऊ नये.

आपल्या मुलुखाची हवा

निपाणी म्हटले की तंबाखू, हे समीकरण दूरवर ठाऊक आहे. अक्कोळच्या तंबाखूचे नाव विडीच्या धंद्यात आदराने घेतले जाते. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून येथे शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. त्याच सुमारास वखारीत राबणाऱ्या स्त्रिया संघटित झाल्या, आणि त्यांच्या जीवनावर ‘युगांतर’ ह्या चित्रपट-गटाने १९८२ साली माहितीपट काढला. भावाची आणि मजुरीची चर्चा ह्या मुलुखात पुष्कळ झाली, आणि ती व्हावयास हवीच होती. त्या मानाने छातीची चर्चा थोडी झाली.

वखारीत तंबाखू कुटली-चाळली जाते तेव्हा जी भुकटी उडते ती लुगड्यात, केसांत बसून घरी येते. अनेक घरांत तर कामच घरी असते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कातरलेली पाने, आणि पलीकडे पाळण्यात मूल. त्याच खोलीत चूल असेल तर धुराची भर पडते. घरातील पुरुष विडी ओढत असेल तर आणखी भर. शिवारात उसाचे पाचट पेटते, रस्त्यावर वाहनांची धूळ असते. ह्या सर्वांमुळेच मुले आजारी पडतात असे नव्हे. जंतू सगळीकडेच असतात. परंतु धुरात वाढणाऱ्या मुलाला न्यूमोनिया, दम्याची धाप आणि कानाचे दुखणे अधिक होते, हे वैद्यकशास्त्राने निःसंशय दाखवून दिले आहे. म्हणून आपल्या भागातील मातापित्यांनी इतरांहून एक पाऊल अधिक सावध राहिले पाहिजे.

आणि अडचणही येथेच आहे. विडीची मजुरी हजारावर मिळते. मुलाला घेऊन आई दवाखान्यात गेली की त्या दिवसाच्या विड्या बुडाल्या, म्हणजे मजुरी बुडाली. मग ‘उद्या बघू’ असे म्हटले जाते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिला हवा आहे तो एक खात्रीचा निकष : आज घरी थांबले तरी चालेल, की सूप खाली ठेवून आत्ताच उठले पाहिजे? सुदैवाने असा निकष आहे. त्याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. तोच सांगण्यासाठी हा लेख.

श्वास जलद का होतो?

आपली श्वासनलिका झाडाच्या खोडासारखी. तिला फांद्या फुटतात, फांद्यांना डहाळ्या, आणि डहाळ्यांच्या टोकाशी द्राक्षांच्या घोसासारखे बारीक वायुकोश असतात. तेथे हवेतील प्राणवायू रक्तात जातो. सर्दी-पडसे हा वरच्या वाटेचा, नाका-घशाचा आजार. तो बहुधा आपण होऊन बरा होतो. न्यूमोनियात मात्र जंतू खाली वायुकोशांपर्यंत उतरतात, आणि जेथे हवा असावयाची तेथे पाणी व पू साचतो. काही कोश असे बंद पडले की प्राणवायू कमी पडतो, फुप्फुस ताठर होते, खोल श्वास घेणे जड जाते. मग शरीर आपली युक्ती योजते : श्वास उथळ, पण वारंवार. म्हणून श्वासाचा वेग वाढतो. खोकला किती मोठा आहे ह्यावरून हे कळत नाही. ताप किती आहे ह्यावरूनही कळत नाही. श्वासाचा वेग मात्र ते सांगतो.

मुलाच्या बाबतीत ही घाई अधिक का, हेही समजून घेतले पाहिजे. त्याच्या श्वासनळ्या मुळातच अरुंद. नळीतून हवा सरळ वाहत असता तिचा व्यास निम्मा झाला, तर अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो, असा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. मोठ्या माणसाच्या नळीला थोडी सूज आली तर तो खोकतो आणि कामावर जातो. तान्ह्या मुलाच्या नळीला तेवढीच सूज आली तर त्याचा जीव कासावीस होतो.

त्याच्या बरगड्याही मऊ असतात. ताठर झालेले फुप्फुस फुगवण्यासाठी मूल जोर लावते, तेव्हा श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत खेचला जातो. आपल्या आजीबाया ह्यालाच ‘पोट उडते’, ‘बरगडी ओढते’ असे म्हणत. काही घरांत ह्या दुखण्याला ‘डबा’ हे नाव आहे. म्हणजे लक्षण पूर्वापार ठाऊक होते. उपाय मात्र हाती नव्हता. आता तो आहे.

साठ, पन्नास, चाळीस

खोकला वा सर्दी असलेल्या मुलाचा श्वास असा मोजावा. मूल शांत असावे. रडत असताना, दूध पीत असताना मोजू नये. झोपलेले असेल तर उत्तमच. अंगरखा वर करून पोट व छाती उघडी करावी आणि उजेडात पाहावे. पोट वर येऊन खाली गेले की एक श्वास. घड्याळ किंवा मोबाईल समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण लहान मुलाचा श्वास मधूनच थांबून मधूनच भरभर चालतो. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी.

आता आकडे लक्षात ठेवावेत. दोन महिन्यांच्या आतील बालकाचा श्वास मिनिटास ६० किंवा अधिक. दोन महिन्यांपासून एक वर्षाच्या आतील बालकाचा ५० किंवा अधिक. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक : असे आढळले तर तो श्वास जलद समजावा, न्यूमोनियाचा संशय धरावा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. साठ, पन्नास, चाळीस. पाढ्याहून सोपे आहे. आमच्या चौथीच्या मुलींना एका तासात हे पाठ होते, आणि घरी जाऊन त्या धाकट्या भावंडाचा श्वास बिनचूक मोजतात.

काही लक्षणे अशी आहेत की ती दिसली तर मोजणीतही वेळ घालवू नये. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, मूल अंगावर पीत नसणे किंवा पाणीही घेत नसणे, प्रत्येक घास-घोट उलटून पडणे, झटके येणे, मूल मलूल पडून हाकेला ओ न देणे, शांत असतानाही श्वासाबरोबर घरघर आवाज येणे, ओठ वा जीभ निळसर होणे. ह्यांपैकी एकही लक्षण दिसले तर मोठे रुग्णालय गाठावे, रात्र असली तरी. दोन महिन्यांच्या आतील बालकाचा तर साधा जलद श्वासही मोठ्या रुग्णालयाचेच काम आहे. इतक्या लहान बाळाला ताप येईलच असे नाही. कधी अंग उलट गार पडते. ‘ताप नाही, म्हणजे काही नाही’ हा समज म्हणूनच घातक आहे.

ही रीत आली कोठून?

पॅरिसच्या नेकर रुग्णालयात लेनेक नावाच्या डॉक्टरांनी १८१६ साली कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली, आणि तीतून पुढे स्टेथोस्कोप जन्मला. त्या नळीने डॉक्टरांना मोठी शक्ती दिली; परंतु ज्या खेड्यात डॉक्टरच नाही तेथे नळीचा उपयोग काय? ह्या प्रश्नाचे उत्तर पापुआ न्यू गिनी ह्या डोंगराळ देशात डॉ. फ्रँक शॅन यांनी शोधले. मुलाचा श्वासाचा वेग आणि छातीचे आत ओढले जाणे, एवढ्या दोन गोष्टी नुसत्या डोळ्यांनी पाहून न्यूमोनिया पुष्कळ अंशी ओळखता येतो, असे त्यांनी १९८०च्या दशकात दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेने ही रीत उचलली.

परंतु हे काम शिकलेल्या परिचारिकांनाच जमेल की खेड्यातील निरक्षर दाईलाही, ह्याचा कस लागला तो मराठी मुलुखात. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था काढली. तेथे मुले न्यूमोनियाने दगावत होती आणि डॉक्टर दूर होते. त्यांनी गावातील आरोग्यसेवक आणि दाया यांना श्वास मोजण्यास व गोळ्या-औषध देण्यास शिकवले. कित्येक दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग त्यांच्यासाठी मण्यांची एक पाटी तयार झाली. शेजारी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी ठराविक मणी सरकले तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करावयाचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या हाती निदान आले.

त्याचे फळ १९९० साली ‘लॅन्सेट’ ह्या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ज्या गावांत हे काम झाले तेथे पाच वर्षांखालील मुलांतील न्यूमोनियाचे मृत्यू हजारी ८.१ होते, जेथे झाले नाही तेथे हजारी १७.५. म्हणजे निम्म्याहून कमी. आणि ज्या मुलांना वेळीच औषध मिळाले त्यांत शेकडा एकही दगावले नाही. प्रमाण होते शेकडा ०.८. तेथे नवे औषध शोधले गेले नव्हते. औषध जुनेच होते. लवकर ओळखणारे डोळे नवे होते.

गडचिरोलीच्या जंगलातील दाईला जे साधले ते निपाणी-चिकोडीच्या, खानापूर-बेळगावच्या मातांना का साधू नये? आज प्रत्येक गावात आशाताई आहे, अंगणवाडी आहे, आणि काही गावांमिळून एक प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. केंद्र सरकारने २०१९ साली न्यूमोनियाविरुद्ध ‘सांस’ नावाची मोहीम सुरू केली ती ह्याच तत्त्वावर. व्यवस्था आहे, तिच्यापर्यंत वेळेवर जाणे हे आपल्या हाती आहे.

सर्वच धाप न्यूमोनियाची नव्हे

आमच्या वर्गात कानडी घरातील मूल ‘दम्मु’ म्हणते, मराठी घरातील ‘धाप’ म्हणते, दखनी बोलणाऱ्या घरातील ‘दम चढला’ म्हणते. शब्द तीन; पण शाळेच्या वयात हे गाऱ्हाणे वारंवार येऊ लागले तर दम्याचा विचार करावा. मूल रात्री वा पहाटे खोकते. खेळताना मध्येच थांबून वाकून उभे राहते. श्वास सोडताना शिटीसारखा आवाज येतो. धूळ, धूर, थंडी लागली की त्रास वाढतो. मधले दिवस अगदी ठीक जातात. अशा मुलाला पुष्कळदा आळशी ठरवले जाते किंवा खेळातून काढले जाते. दोन्ही अन्यायाचे आहे.

दम्यात नळ्यांच्या भिंती सुजतात आणि आवळतात. त्यावर फवाऱ्याचे औषध, म्हणजे इन्हेलर, उत्तम. कारण औषध थेट नळीत जाते आणि मात्रा अत्यल्प लागते. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, हे दोन्ही समज खोटे आहेत. लहान मुलाला पंप थेट तोंडात मारता येत नाही. मध्ये पोकळ नळकांडे लावले की औषध बरोबर आत जाते. मुलीच्या बाबतीत ‘लग्नाला अडचण’ म्हणून दमा लपवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. लपवल्याने दमा जात नाही. दवा चुकते एवढेच.

तिसरा आजार क्षयाचा. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. त्यास आता १४० हून अधिक वर्षे झाली, तरी मुलांचा क्षय ओळखणे अजून अवघडच आहे. मोठा माणूस बेडका काढून देतो, त्यात जंतू सापडतात. लहान मूल बेडका गिळून टाकते, आणि त्याच्यात जंतूही थोडे असतात. म्हणून येथे संशयच लवकर घेतला पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, रेंगाळणारा ताप, वजन न वाढणे किंवा घटणे, खेळातील उमेद जाणे, मानेत न दुखणाऱ्या गाठी. आणि सर्वांत महत्त्वाचे, घरात कोणास क्षय असणे. आजोबांचा खोकला पुष्कळदा नातवाच्या आजाराचे मूळ असतो. घरात एकास क्षय निघाला की सर्व मुलांची तपासणी करून घ्यावी. आजार नसला तरी लहान मुलांस प्रतिबंधक गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उपचारही मोफत आहेत, आणि रुग्णाच्या आहारासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले आहेत.

येथे शाळा मोठे काम करू शकते. वर्षातून दोनदा घेतलेले वजन पटावर नुसते लिहून ठेवू नये. मागच्या आकड्याशी ताडून पाहावे. सहा महिन्यांत ज्या मुलाचे वजन तसूभर हलले नाही, त्याच्या घरी निरोप धाडावा.

काय करावे, काय करू नये

पोटावर चटका देणे, बिब्बा घालणे हे प्रकार पूर्णपणे बंद झाले पाहिजेत. आजारी बालकाला ती दुसरी इजा होते आणि दिवस वाया जातो. मौलवीसाहेबांकडून दम करून आणणे, देवाला अंगारा लावणे ही श्रद्धेची बाब आहे, तिला आमची ना नाही. परंतु दुआ आणि दवा ह्यांत भांडण नाही. दुआ करावी, आणि ओठ हलत असतानाच पाय दवाखान्याकडे वळावेत.

खोकल्याच्या गोड औषधाविषयी विशेष सावध राहावे. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या अशा औषधाने वीसहून अधिक बालकांचे प्राण घेतले. त्यांतील कित्येक शेवटी नागपूरच्या रुग्णालयांत होती. केंद्रीय आरोग्य खात्याने त्यानंतर पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांस खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सामान्यतः योग्य नव्हेत. दुकानदाराला विचारून बाटली आणणे हा उपचार नव्हे. साध्या सर्दीत अंगावरचे दूध, पुरेसे पाणी, ऊब आणि नाक मोकळे ठेवणे एवढे पुरे. आणि न्यूमोनियात ती बाटली कुचकामी. तेथे जंतुनाशक औषध लागते. तेही डॉक्टरांच्या सांगण्यानेच, आणि सांगितले तितके दिवस पूर्ण. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

आजार येऊच नये म्हणून चार गोष्टी. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध. लसी वेळेवर : जन्मतः बी.सी.जी.; दीड महिन्यापासून पेंटाव्हॅलंट; गोवराची नवव्या महिन्यात व पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास; आणि न्यूमोनियाची पी.सी.व्ही., जी २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात मोफत आली आहे आणि दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने अशी तीनदा दिली जाते. तिसरी गोष्ट, विडी-सिगारेट घरात ओढू नये. खिडकीशी उभे राहून ओढली तरी ती घरातच ओढल्यासारखी आहे. चौथी, सूप आणि पाळणा ह्यांत भिंत असावी. विड्या वळण्याची जागा वेगळी करणे शक्य नसेल तर निदान ओसरीत बसावे, आणि हात धुऊन, वरचे लुगडे बदलून मग मुलाला घ्यावे. हा उपदेश सांगणे सोपे आहे, एका खोलीच्या घरात पाळणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. जेवढे जमेल तेवढे करावे.

सीमाभागातील लोकांस एक सूचना. येथील आजारी मूल कधी बेळगावला नेले जाते, कधी कोल्हापूरच्या सी.पी.आर.ला, कधी मिरजेला. एका राज्यातला कागद दुसऱ्या राज्यातल्या दवाखान्यात हाताशी नसतो, आणि तपासण्या पहिल्यापासून होतात. तेव्हा मुलाचे लसीकरणाचे कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, क्ष-किरण चित्र सारे एका पिशवीत ठेवून ती पिशवी दाराशी टांगावी.

ट्रस्टपुढे एक मागणे

ट्रस्टने वह्या-पुस्तके दिली, शिष्यवृत्त्या दिल्या; त्याचे मोल आम्ही शिक्षक जाणतो. ह्या महोत्सवी वर्षात त्यात थोडी भर पडावी. पावसाळ्यापूर्वी आणि थंडीपूर्वी प्रत्येक गल्लीत, मशिदीच्या वा देवळाच्या अंगणात, आशाताईंना बोलावून तासाभराचा श्वास-मोजणीचा वर्ग घ्यावा. ज्या शाळांत दम्याची मुले आहेत तेथे पंप लावण्याची नळकांडी ठेवावीत. आणि मुख्य म्हणजे एक लहानसा निधी वेगळा काढावा : रात्री मूल दवाखान्यात न्यावे लागले तर गाडीभाड्यासाठी, आणि त्या आईची दोन दिवसांची बुडालेली मजुरी भरून देण्यासाठी. रक्कम मोठी नाही. परंतु ‘उद्या बघू’ हे दोन शब्द पुष्कळदा तेवढ्याच रकमेपायी उच्चारले जातात.

वाचकांस आमची विनंती इतकीच की हे पान वाचून झाल्यावर घरातील सर्वांत लहान मुलाचा श्वास, ते निजले असता, एकदा मोजून पाहावा. निरोगी असताना तो किती चालतो हे ज्या घरास ठाऊक आहे, त्या घरास तो बिघडल्याचे सर्वांआधी कळेल.